अडुसष्ट छिद्रांचे कार्ड

२००६ सालच्या जुलै महिन्यात, एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, रत्नागिरीजवळच्या एका बंदरगावातील लॅपटॉपने आपले वायरलेस कार्ड ओळखणे बंद केल्याची तक्रार आमच्या दैनिकाच्या कार्यालयात आली. तक्रार घेऊन आले होते इब्राहीम. वय चाळीसच्या आसपास, काम मच्छीमार ट्रॉलरवर इंजिन ड्रायव्हरचे. पावसाळ्यात मासेमारी बंद असल्याने ते घरी होते. लॅपटॉप त्यांच्या मोठ्या भावाचा होता. भाऊ कतारला नोकरीला होता.

"शुक्रवारच्या आत चालू झाला पाहिजे, मॅडम," ते म्हणाले.

"नाही झाला तर?"

"तर भाभी माझं जेवण बंद करील."

वृत्तपत्राच्या कार्यालयात अशी तक्रार का यावी, हे सांगणे आवश्यक आहे. १९९८ साली आमच्याकडे पहिले दोन संगणक आले, तेव्हा मी उपसंपादक होते आणि पाने लावणाऱ्या माणसांत सर्वांत वेगाने टाइप करत होते. एवढ्या पात्रतेवर ती यंत्रे माझ्याकडे सोपवली गेली. पुढे ज्या वस्तूला वायर असेल ती माझी, असा नियमच झाला. वार्ताहरांच्या फ्लॉप्यांतून येणाऱ्या व्हायरसला कंटाळून २००१ मध्ये मी कार्यालयातले संगणक लिनक्सवर नेले. ती प्रणाली जाणणारे तेव्हा शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि त्यांतले दोघे पुण्याला निघून गेले. त्यामुळे आखातातून किंवा बोटीवरून असला संगणक घेऊन कोणी आला की लोक त्याला आमच्या कार्यालयाचा जिना दाखवत.

गिऱ्हाईके तऱ्हेतऱ्हेची होती. राजापूरचे आमचे वार्ताहर बातमीचा कागद आणि फ्लॉपी एकाच टाचणीने एकत्र टोचून एसटीने पाठवायचे. कागद हरवू नये, हा हेतू. टाचणी फ्लॉपीच्या आरपार जायची. एका काजू कारखानदाराच्या की-बोर्डवरची अक्षरे सहा महिन्यांत नाहीशी झाली. हिशेबनीस टरफलाच्या तेलाचे हात न धुता टाइप करतो, हे शोधायला मला दोन की-बोर्ड लागले. एका शिक्षकांचा संगणक दर सोमवारी बंद पडत असे, कारण रविवारी त्यांच्या पत्नी त्याच्या मागची जागा फरशीसकट धुऊन काढत. ही प्रकरणे मी सोडवली, आणि सोडवली याचा मला अभिमान होता. पुढच्या प्रकरणात त्याच अभिमानाने दोन दिवस वाया घालवले.

कार्ड ओळखणे म्हणजे काय, ते थोडक्यात असे. त्या काळच्या जुन्या लॅपटॉपमध्ये वायरलेस अंगभूत नसे. पत्त्याच्या पानाएवढे एक धातूचे चपटे कार्ड कडेच्या खाचेत सरकवावे लागे. मग तीन गोष्टी क्रमाने घडाव्या लागत. आपल्यात कार्ड शिरले, हे खाचेला कळले पाहिजे. कार्डाने आपले नाव सांगितले पाहिजे. त्या नावाचे कार्ड चालवता येणारा प्रोग्राम लॅपटॉपमध्ये सापडला पाहिजे. लिनक्स ही प्रगती आवाजाने कळवत असे. कार्डाचे नाव कळले की एक उंच 'पिप', ते चालू झाले की दुसरा उंच 'पिप'. दुसरा आवाज खालच्या पट्टीतला आला, तर नाव कळले पण काम सुरू झाले नाही. काहीच वाजले नाही, तर कार्ड आल्याचेच कळलेले नाही. लॅपटॉपचा आवाज बंद ठेवला असेल, तर अर्थात यातले काहीच ऐकू येत नाही.

दुपारी मी इब्राहीम यांच्यासोबत गावात गेले. घर बंदराच्या वर, जांभ्याच्या पायऱ्या चढून. खाली शंभरेक पावलांवर बर्फाचा कारखाना. कारखान्याच्या मालकाने त्या वर्षाच्या सुरुवातीला ब्रॉडबँड घेतले होते आणि शेजारधर्म म्हणून त्याच्या वायरलेसचा पासवर्ड या घराला दिला होता.

दार उघडले ते झुबेदा यांनी, म्हणजे इब्राहीम यांच्या भाभीने. मागे त्यांची मुलगी शबाना उभी होती. एकोणीस वर्षांची, त्याच वर्षी बारावी झालेली. ती जन्मापासून कर्णबधिर आहे, हे मला तिथे पोहोचल्यावर कळले. वाटेतल्या अर्ध्या तासात इब्राहीम यांनी ते सांगितले नव्हते.

शुक्रवारचे महत्त्व झुबेदा यांनी सांगितले. पुण्यातल्या एका संस्थेत शबानाला प्रवेश मिळाला होता. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, दातांच्या कवळ्या तयार करण्याचा. वसतिगृह जवळच. जागा हवी असल्याचे पत्र शनिवारी दुपारपर्यंत संस्थेकडे पोहोचले पाहिजे, अशी अट होती. वडील, यूसुफ, जूनअखेर सुटी संपवून कतारला परतले आणि प्रवेशाचे पत्र त्यानंतर आले. त्यांची आठवड्याची सुटी शुक्रवारी. ते त्या दिवशी निर्णय देणार होते.

"फोनवर नाही ठरवता येणार?" मी विचारले.

"फोनवर ठरलंच की," झुबेदा म्हणाल्या. "हा बोलला भावाशी. पोर जायला कबूल नाय, म्हणाला. खलास."

"मग बोललो ते काय वाईट बोललो?" इब्राहीम म्हणाले. "पुण्याला एकली पोर. मागून गाडी आली तर हॉर्न ऐकणार कोण? आणि दात करायला पुण्याला कशाला जायला हवं? इथल्या लोकांना दात नायत काय?"

"तिला विचारलंत का?" मी म्हणाले.

"विचारायचं काय त्यात? भाऊ तिकडे, तर मी बापाच्या जागी."

झुबेदा यांनी पदर सावरला. "बाप म्हणाला, ती मला स्वतःच्या हाताने सांगेल तेच मी मानीन. कॅमेऱ्यावर. शुक्रवारी, नमाजनंतर."

कॅमेरा असलेले कॅफे शहरात होते. शबानाने तिथे एकदा प्रयत्न केला होता. तिथल्या लाइनवर चित्र दोन-तीन सेकंदांनी एकदा बदलत असे. चेहरा ओळखू येत होता, खुणा वाचता येत नव्हत्या. बर्फ कारखान्याची लाइन वेगवान होती, पण त्याचे ऑफिस शुक्रवारी दुपारी कुलूपबंद असे आणि या लॅपटॉपला नेटवर्कची वायर लावायला जागा नव्हती. म्हणजे कार्ड चालू होणे हा एकच मार्ग होता.

लॅपटॉपमध्ये लिनक्स होते, कारण ते यूसुफ यांच्या कतारमधल्या खोलीत राहणाऱ्या एका संगणक तंत्रज्ञाने घातले होते. मे महिन्यापर्यंत, वरून जोडलेल्या छोट्या कॅमेऱ्यासकट, सर्व सुरळीत चालले होते. जूनमध्ये यूसुफ घरी होते, त्यामुळे कार्डाची कोणाला गरज पडली नाही. याच काळात त्यांनी मित्राने दिलेल्या सीडीवरून लिनक्सची नवी आवृत्ती चढवली. हे ऐकल्यावर माझे निदान पूर्ण झाले. नवी आवृत्ती, जुना लॅपटॉप. खाच सांभाळणारा प्रोग्राम बिघडला असणार.

कार्ड खाचेतच होते. मी बटण दाबून ते थोडे बाहेर काढले, पुन्हा आत ढकलले. काही वाजले नाही. कर्णबधिर मुलीचा लॅपटॉप, आवाज बंद ठेवलेला असणार, असे मी गृहीत धरले. आज्ञा देऊन पाहिले. उत्तर आले, खाच रिकामी आहे. ते माझ्या निदानाला पुष्टी देणारे वाटले.

याच वेळी शबानाने माझ्या बाहीला हात लावून कार्डाकडे बोट दाखवले. मी पडद्यावरची नजर न काढता तिला तळहात दाखवला. थांब. तिने पुन्हा बोट दाखवले. मी पुन्हा तळहात दाखवला. माझी उरलेली चौकशी इब्राहीम यांच्याकडे झाली. ते लॅपटॉप वापरत नव्हते.

कार्डासह लॅपटॉप घेऊन मी कार्यालयात आले. बुधवारी पाने लावता लावता शेजारी तो ठेवून काम केले. खाचेच्या प्रोग्रामची मूळ प्रत माझ्याकडच्या एका सीडीवर होती. ती उतरवून, जुळवणी करून, नव्याने तयार केली. एका वेळेस पाऊण तास लागे. चार वेळा केली. चारही वेळा उत्तर तेच, खाच रिकामी आहे. संध्याकाळी संपादकांनी दारातून विचारले, "कोणाचा आहे?"

"एका मुलीचा. तिला वडिलांशी बोलायचंय."

"फोन नाही का त्यांच्याकडे?"

मी कारण सांगितले. त्यांनी माझे एक पान दुसऱ्या उपसंपादकाकडे दिले.

गुरुवारी सकाळी माझ्याकडे एकच चाचणी उरली होती, आणि ती पहिल्या दिवशीच करायला हवी होती. कार्यालयात त्याच आकाराचे एक मोडेमचे कार्ड होते. ते खाचेने ओळखले, तर दोष खाचेत नाही. लॅपटॉप त्या दिवशी परत द्यायचा होता आणि गाडीची वेळ झाली होती, म्हणून चाचणी तिथेच करायची ठरवून मी ते कार्ड व लॅपटॉप घेऊन दहाच्या एसटीने गावात गेले. झुबेदा चुलीपाशी होत्या, इब्राहीम ओटीवर जाळे विणत बसले होते. मी मोडेमचे कार्ड खाचेत सरकवले.

'पिप'. लगेच दुसरा. दोन्ही उंच, खणखणीत.

"हां, हेच," आतून झुबेदा म्हणाल्या. "मेपर्यंत हे वाजायचं. हल्ली वाजतच नाय."

आवाज बंद नव्हता. तो कधीच बंद ठेवलेला नव्हता. घरात ऐकू येणारी दोन माणसे होती, आणि आवाज येतो का, हे मी एकालाही विचारले नव्हते.

शबाना वही घेऊन माझ्यासमोर बसली. तिचे अक्षर बारीक आणि सरळ होते. तिने लिहिले: "मंगळवारी सांगत होते. कार्ड घातले की हिरवा दिवा लागतो. आता लागत नाही. तोंडात पिवळे भरले आहे. तुम्ही थांब म्हणालात." वाक्याखाली तिने माझा तळहात काढला होता. पाच बोटे नीट.

मी वायरलेसचे कार्ड उचलले आणि प्रथमच त्याच्या आत जाणाऱ्या कडेकडे पाहिले. त्या कडेला दोन ओळींत अडुसष्ट बारीक छिद्रे असतात. खाचेतल्या अडुसष्ट पिना त्यांत बसतात. सर्व छिद्रे पिवळ्या, घट्ट पदार्थाने काठोकाठ भरलेली होती. वरचे अंग स्वच्छ पुसलेले होते.

"हे काय आहे?"

"ग्रीस," इब्राहीम म्हणाले. त्यांनी जाळे खाली ठेवले. आवाजात संकोच नव्हता. "मीच भरलं. बोट वर घेतली की इंजिनाचं सगळं सामान ग्रीस लावून ठेवायचं. खारी हवा, मॅडम. लोखंड उघडं ठेवलं तर चार महिन्यांत भुगा. घरातलं पण केलं. शिलाई मशीन, बॅटरी, कुलपं, आणि हे. एक भोक सोडलं नाय. काडीने भरलं."

मला एक शंका आली होती. ज्याला मुलीने जाऊ नये असे वाटत होते, त्याच्याच हाताने कार्ड बंद पडले होते. मी शिलाई मशीन पाहिले. तेही तसेच भरलेले होते. कुलपेही. ग्रीस भरले गेले जूनच्या पहिल्या आठवड्यात. प्रवेशाचे पत्र आले जुलैमध्ये. शंकेला आधार नव्हता.

"अरे इब्राहीम, कार्डाला कोण ग्रीस लावतं?" झुबेदा म्हणाल्या. "उद्या मला पण लावून ठेवशील पावसाळाभर."

"तुला कशाला, भाभी? तुझी जीभ कधी गंजायची नाय."

कारण आता स्पष्ट होते. या खाचेत कार्ड आल्याची खबर देणाऱ्या दोन पिना बाकीच्यांपेक्षा मुद्दाम आखूड ठेवलेल्या असतात, म्हणजे कार्ड पूर्ण बसल्यावरच त्या टेकतात. घट्ट ग्रीसमुळे कार्ड केसभर बाहेर राहत होते. लॅपटॉप मंगळवारपासून सांगत होता ते अक्षरशः खरे होते. त्याच्या दृष्टीने खाच रिकामी होती.

इब्राहीम यांनी डिझेल सुचवले, ते नाकारण्यात आले. गावातल्या मेडिकलमधून इंजेक्शनआधी लावतात ते स्पिरिट आणले. पहिली चार छिद्रे मी सुईने साफ केली. पाचव्याच्या कडेला ओरखडा पडला. शबानाने माझ्या हातातून कार्ड काढून घेतले. चाचांच्या जाळ्याच्या नायलॉनचा एक तुकडा तोडला, त्याचे टोक दाताने पिंजले, स्पिरिटमध्ये बुडवले आणि एकेका छिद्रात फिरवून बाहेर काढायला सुरुवात केली. प्रत्येक छिद्रासाठी नवे टोक. तिला दीड तास लागला. इब्राहीम शेजारी बसून धागे तोडून देत होते. चाळिसाव्या छिद्रानंतर ते मला म्हणाले, "हात बघा पोरीचा. हलत नाय."

दुपारी दोन वाजता कार्ड वाळवून खाचेत घातले. हिरवा दिवा लागला. 'पिप', उंच. दुसरा 'पिप' खालच्या पट्टीतला.

नाव कळले, काम सुरू झाले नाही. हा दोष ग्रीसचा नव्हता, माझा होता. बुधवारी चार वेळा जुळवणी करताना मी चालू असलेले प्रोग्राम काढून माझे घातले होते; त्यांत मोडेम चालवण्याची सोय होती, या कार्डाची नव्हती. यूसुफ यांनी जूनमध्ये चढवलेली आवृत्ती व्यवस्थित होती. मी ती दुरुस्त करून बिघडवली होती. मी हे घरातल्यांना सांगितले.

"म्हणजे तुम्ही पण ग्रीस भरलंत," इब्राहीम म्हणाले.

मी होकार दिला. शबानाने काय झाले ते आईला खुणेने विचारले. आईने सांगितल्यावर ती मोठ्याने हसली.

यूसुफ यांच्या आवृत्तीतल्या प्रोग्रामांची प्रत माझ्या कार्यालयातल्या संगणकावर होती. काहीही बदलण्यापूर्वी जुन्याची प्रत काढून ठेवायची, हा एक नियम मी पाळला होता, आणि या कामातली तेवढी गोष्ट सांगण्यासारखी आहे. शुक्रवारी सकाळी ती सीडीवर घेऊन गावात पोहोचले. सव्वाअकरा ते दीड वीज नव्हती. बॅटरी जुनी होती, दहा मिनिटांवर टिकत नसे. वीज आली तेव्हा इब्राहीम जुम्म्याच्या नमाजाहून परतले होते. जुने प्रोग्राम पूर्ववत करायला चाळीस मिनिटे लागली. दोन वाजून दहा मिनिटांनी कार्ड सरकवले.

दोन्ही आवाज उंच आले. झुबेदा यांनी शबानाला दोन बोटे दाखवली. तिने ती पाहण्याआधी दिवा पाहिला होता.

कतारची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. यूसुफ यांची नमाज आटोपेपर्यंत थांबावे लागले. सव्वातीन वाजता ते पडद्यावर आले. मिश्या असलेला, बनियन घातलेला माणूस, मागे दोन खाटा. चित्र सलग होते. शबानाने ओठांवर दोन बोटे फिरवली. मिशीची खूण, म्हणजे अब्बा, असे झुबेदा यांनी मला सांगितले. पुढचे संभाषणही त्याच मला व इब्राहीम यांना सांगत होत्या. इब्राहीम यांना पुतणीच्या खुणांपैकी जेवण, ये, जा, पाऊस आणि मासळी एवढ्याच येत.

यूसुफ यांनी विचारले, चाचा म्हणतो तू जायला कबूल नाहीस.

शबानाने नकारार्थी मान हलवली. तिचे हात वेगाने चालू लागले. झुबेदा मागे पडत होत्या. "म्हणते, मला कोणी विचारलं नाय. म्हणते, दहा वर्षं शाळेला एसटीने एकटी गेले. थांबा चुकला कधी? गाडीखाली आले कधी?"

यूसुफ यांनी काही विचारले.

"रात्री दार वाजलं तर, विचारतात. ती म्हणते, वसतिगृहात माझ्यासारख्या सहा मुली आहेत. पत्रात लिहिलंय. दाराला दिवा लावलाय. घंटा दाबली की आत दिवा पेटतो."

ही माहिती पत्राच्या दुसऱ्या पानावर होती. ते पान घरात दुसऱ्या कोणी वाचले नव्हते.

मग शबानाने चाचांकडे बोट दाखवले, हाताने लाटा काढल्या आणि कानावर हात ठेवला. पडद्यावर यूसुफ हसू लागले.

"काय बोलली?" इब्राहीम यांनी विचारले.

"तुझीच तारीफ," झुबेदा म्हणाल्या.

"नीट सांग, भाभी."

"म्हणते, चाचा दिवसभर इंजिनाशी बसतो. तिथे त्यालाही काय ऐकू येत नाय. तरी बोट घरी येते."

 इब्राहीम कॅमेऱ्यासमोर येऊन बसले. भावाला तोंडाने म्हणाले, "मी फोनवर बोललो ते माझं होतं. पोरीचं नव्हतं." मग पुतणीकडे वळून त्यांनी 'जा' ही खूण केली. ती त्यांना येत होती.

यूसुफ यांनी तीच खूण केली. वेळ तीन वाजून चौतीस मिनिटे. संभाषण त्यानंतरही बराच वेळ चालले. त्याचा तपशील माझ्याकडे नाही, कारण झुबेदा सांगायचे विसरल्या आणि मला पानांसाठी परत जायचे होते.

शनिवारी सकाळी दहा वाजता शबाना आणि इब्राहीम आमच्या कार्यालयात आले. पत्र तिने स्वतः लिहिले होते. पालकाच्या जागी झुबेदा यांची सही होती. ते आमच्या फॅक्सवरून पुण्याला पाठवले. दहा वाजून सतरा मिनिटांनी पोचपावतीची पट्टी यंत्रातून बाहेर आली. ती शबानाने फाडून घेतली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती सकाळच्या एसटीने पुण्याला गेली. पोहोचवायला इब्राहीम गेले होते. दुसऱ्या दिवशीच्या रात्रीच्या गाडीने ते एकटे परत आले.